गच्चीवरचा भोपळा

जानेवारीच्या धुक्यात कुल्फी खाणारी मुलगी मी आयुष्यात एकच पाहिली.

मोहालीला लागून असलेलं आमचं शहर, सेक्टर त्रेचाळीसचा बसस्टँड. धुकं इतकं की बस दिसत नव्हती, नुसते तिचे दोन पिवळे दिवे दिसत होते. साताऱ्याकडचा एक जवान सुट्टी संपवून परत येत होता, त्याच्या हाती माझ्या जावेने काळं तिखट पाठवलं होतं. ते घ्यायला मी आणि माझा रघुवीर उभे. माझ्या अंगात दोन स्वेटर, वर शाल, कानावर मफलर... आणि समोरच्या बाकावर ही! पायाशी भली मोठी बॅग, मास्क हनुवटीवर, नाक गाजरासारखं लाल — आणि हातात कांडीवरची कुल्फी.

रघू बघतच राहिला. एकोणतीस वर्षांचा घोडा.

"मॅडम," शेवटी त्याने इंग्रजीत तोंड उघडलं, "एवढ्या थंडीत हे खाऊ नका."

तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. जणू थंडी नावाची कुणी बाई आत्ता इथेच बसली होती आणि चहाला उठून गेली.

"थंडी? कुठे आहे?"

रघू हसला. माझा रघू! स्वतःच्या बारशाच्या फोटोतसुद्धा कपाळाला आठी असलेला. मी तिथेच ओळखायला हवं होतं. पण मी तिखटाचा डबा गळतोय का ते बघत होते.

तिचं नाव सोलोमिया. युक्रेनची, मिकोलाईव गावची. मोहालीला सेक्टर सदुसष्टमध्ये औषधांची मोठी संस्था आहे, तिथे सहा महिने शिकायला आलेली. हॉस्टेलची खोली आठ दिवसांनी मिळणार होती, तोवर कुठे राहायचं ते तिला ठाऊक नव्हतं. आमची गच्चीवरची एकुलती खोली, इथे तिला बरसाती म्हणतात, रिकामी होती. रघूने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आठच दिवस.

आठ दिवसांसाठी दिलेल्या त्या खोलीत ती जवळजवळ तीन वर्षं राहिली.

मी शालिनी. चौथी शिकलेली. आमचे हे हवाई दलात वॉरंट ऑफिसर होते. इथेच निवृत्त झाले, सेक्टर चाळीसमध्ये हौसिंग बोर्डाचं घर घेतलं आणि दोन वर्षांत गेले. पुढचं सगळं मी चालवलं. माझ्या घरात माझ्या परवानगीशिवाय दूधसुद्धा उतू जात नाही, असं मी अभिमानाने सांगायचे. आता नुसतं सांगते.

परदेशी माणूस घरात ठेवलं की चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायचं असतं. त्याला सी फॉर्म म्हणतात. रघूने तो कॉम्प्युटरवर भरला. तिथे विचारलं होतं, ही तुमची कोण? रघूने लिहिलं, भाडेकरू. तेव्हा ते खरंच होतं.

रघू सेक्टर एकोणचाळीसच्या सरकारी संशोधन संस्थेत काम करतो. मोठमोठे फ्रीज असतात, त्यांत जंतू जपून ठेवलेले असतात. शेजारची मनजीत विचारायची, मुंडा, म्हणजे मुलगा, काय करतो? मी सांगायचे, सरकारचे जंतू सांभाळतो. ही मुलगीही जंतूंचंच शिकत होती. दोघांचे विषय एक. मला वाटायचं, चला, जेवणाच्या ताटावर जंतूंशिवाय दुसरं काही बोलणार नाहीत. काय बोलतात ते मला कळायचं नाही, पण जंतूंवरून कुणाचे कान इतके लाल होत नाहीत.

फेब्रुवारीच्या चोवीस तारखेला सकाळी ती अनवाणी खाली आली. हातात फोन. फोनवर तिची आई होती, मागे अंधार, आणि भिंत पडल्यासारखा आवाज. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि थरथरायला लागली. जिला थंडी ठाऊक नव्हती, ती.

मी तिला पाटावर बसवलं. पुढ्यात चहा ठेवला. म्हटलं, "आंटी आंटी करू नकोस आजपासून. आई म्हण."

हे मी म्हटलं होतं. म्हणून तर पुढचं जास्त लागतं.

तिचे वडील तिकडेच राहिले, साठीच्या आतल्या पुरुषांना देश सोडता येत नव्हता. आई हालिना सरहद्द ओलांडून पोलंडला गेली, लुब्लिन नावाच्या गावात. तिथे तिला एक नंबर मिळाला. त्या नंबरावर राहता येतं, नोकरी करता येते, दवाखाना मिळतो. संरक्षण म्हणतात त्याला.

"आणि तुला?" मी विचारलं.

"मला नाही, आई. ते संरक्षण चोवीस फेब्रुवारी किंवा नंतर निघालेल्या लोकांना. मी जानेवारीत निघालो."

"म्हणजे बॉम्ब पडायची वाट बघत थांबली असतीस, तर मिळालं असतं?"

"हो."

"आणि आमच्याकडे?"

"इथे तसा कायदाच नाही. इथे मी विद्यार्थी. जोपर्यंत शिकतो, तोपर्यंत राहतो."

'शिकतो', 'राहतो' — हे तिचं मराठी. रघूकडून शिकली ना, म्हणून पुरुषासारखं बोलायची. संध्याकाळी जिन्यातून आवाज यायचा, "आई, मी आलो!"

"आलो नाही गं, आले म्हण. तू काय पहिलवान आहेस?"

"रघू म्हणतो आलो."

"रघू पुरुष आहे."

ती रघूकडे वरपासून खालपर्यंत बघायची. मग मान तिरकी करून — "पक्का?"

रघूच्या हातातली पोळी वाटीत पडायची.

असे दिवस गेले. सहा महिन्यांचं शिक्षण संपलं, सरांनी तिला पुढच्या कामावर घेतलं, व्हिसाची मुदत वाढली. पुन्हा संपली, पुन्हा वाढली. प्रत्येक वेळी ती फाईल छातीशी धरून जायची आणि आली की आधी गच्चीवर जायची. गच्चीवर मी रंगाच्या जुन्या डब्यात लाल भोपळ्याचा वेल लावला होता. तो कठड्यावरून पसरत मनजीतच्या हद्दीत घुसला होता. ती त्या वेलापाशी बसायची आणि रघू पाण्याची झारी घेऊन जायचा. वेलाला दिवसातून चार वेळा पाणी. तरी जगला म्हणजे कमालच.

एकदा मी पलीकडे मिरच्या वाळत घालत होते. वाळत घातलेल्या चादरीमुळे त्यांना मी दिसत नव्हते.

"हे काय वाढतंय?" तिने विचारलं.

"भोपळा."

"हे माझ्यासमोर लावायचं नाही, रघू."

"का गं?"

"आमच्या गावात मुलाकडचे लोक मुलीच्या घरी येतात. मागणी घालायला. मुलीला मुलगा पसंत असेल तर ती भरतकामाचा टॉवेल देते. नको असेल तर..." ती थांबली. "भोपळा देते. तो हातात घेऊन गावातून परत जायचं. सगळे बघतात."

रघू हसत सुटला. "आमच्याकडे परीक्षेत शून्य मिळालं की भोपळा मिळाला म्हणतात."

"बघ! म्हणजे तेच."

"म्हणजे तू मला... नापास करणार?"

मग नुसती झारीची धार ऐकू आली. बराच वेळ. एका वेलाला किती पाणी!

"आज नाही," ती म्हणाली.

त्या दिवसापासून त्यांचं ते ठरूनच गेलं. रघू कामावरून आला की जिन्याच्या पहिल्या पायरीवरून विचारायचा, "आज भोपळा?" आणि वरून आवाज यायचा, "आज नाही!" कधी म्हणायची, "आज दोडका!" मी पोळ्या लाटत ऐकायचे. लाटणं जरा हलकं चालायचं, हे खोटं कशाला बोलू?

त्याच वर्षीच्या दिवाळीत रघूने विषय काढला. पाडव्याला, मी ओवाळून ताट खाली ठेवलं तेवढ्यात.

"आई, सोलोमियाशी लग्न करायचं म्हणतोय."

मला ठाऊक होतं. मला मुलगी आवडतही होती. थालीपीठ माझ्याहून पातळ थापायची. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मग येऊ दे तिच्याकडचं कुणी बोलायला."

"कोण येणार, आई? बाप लढाईत, आई पोलंडमध्ये."

"कुणीतरी मोठं माणूस. मुलीकडच्यांनी आधी यायचं असतं. तुझ्या आजीच्या दारात माझे वडील तीन वेळा आले होते."

"त्यांच्यात उलटं असतं. मुलाकडच्यांनी विचारायचं. तू एक फोन कर तिच्या आईला. मी भाषांतर करतो. एक फोन!"

"मी? मुलाची आई? मी फोन करून मुलगी मागू?"

"काय बिघडेल?"

"तुझं नाही बिघडणार. माझं बिघडेल."

त्याने जिन्याकडे पाहिलं. मुलगी जिन्यात उभी होती, हातात चकल्यांची ताटली. मी पाहिलं तिला. तरी बोलले शब्द परत घेतले नाहीत. ते मला येतच नव्हतं.

तिने भांडण केलं नाही. एकदाच, महिन्याभराने, पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आई, माझ्या आईने टॉवेल भरून ठेवला. लाल आणि काळा दोरा. ती वाट बघते."

"बघू दे. मीही बघते."

तिकडे ती बाई परक्याच्या खोलीत, मांडीवर टॉवेल घेऊन माझ्या फोनची वाट बघत बसली. इकडे मी माझ्या ओसरीवर तिची वाट बघत बसले. दोन वर्षं. तिला देश राहिला नव्हता, मला सगळं होतं. तरी ताठ कोण, तर मी.

रघू विचारायचा, लग्न नोंदवून मोकळे होऊ का? तीच नाही म्हणायची. "आईचं तोंड वाकडं ठेवून नाही. माझं एक घर गेलं, दुसऱ्यात मी चोरासारखा शिरणार नाही." चोरासारखा. तेव्हाही पुरुषच.

दोन हजार चोवीसच्या ऑक्टोबरात तिचं संस्थेतलं काम संपलं. सर नवीन काम मंजूर होण्याची वाट बघत होते. तिने पुन्हा मुदतवाढीचा अर्ज केला. चौकशीला एक हवालदार घरी आला. साधा माणूस, हातात वही. तेवढ्यात मनजीत कठड्यावरून डोकावली. तिचं काम सोडून तिला सगळं दिसतं.

"हांजी, माताजी," हवालदार म्हणाला, "ये लड़की आपकी क्या लगती है?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मनजीत वरून म्हणाली, "हां बीजी, बताओ ना! तीन साल से हम भी पूछ रहे हैं. जवान मुंडा, जवान कुड़ी... किरायेदार ही है ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या घरातल्या मुलीबद्दल असं?

"बहू है!" मी म्हटलं. "हमारी बहू है. लिख लो. और मोटे अक्षर में लिखना!"

त्याने लिहिलं.

मनजीतचं डोकं कठड्याआड गेलं. सोलोमिया जिन्यात होती. धावत खाली आली आणि मला मिठी मारून रडायला लागली. "आई, तुम्ही बोललात... बोललात..." मी तिच्या पाठीवर थोपटलं. मला वाटलं, मी केवढं दान दिलं! दोन वर्षं अडवून धरलेला शब्द, तोही पोलिसाच्या वहीत. त्या दिवशी मी गोडाचा शिरा केला. रघूने जिन्यातून विचारलं नाही, त्याने सरळ तिचा हात धरला, माझ्यासमोर. मी भिंतीकडे बघितलं. हसू दाबायला.

तीन आठवड्यांनी व्हिसाच्या ऑफिसातून बोलावणं आलं. मीही गेले बरोबर. साहेब वाईट नव्हता, मला खुर्ची दिली, चहा मागवला. मग दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"माताजी, अर्जात लिहिलंय अविवाहित, विद्यार्थी. चौकशीत लिहिलंय सून. दोन्ही खरं कसं असेल?"

"मी म्हटलं तसं. मनाने म्हटलं."

"मनाला रकाना नाही, माताजी. लग्नाचा दाखला असेल तर द्या, मी आजच पुढचं बघतो. नसेल तर शिक्षणही संपलंय आणि माहितीही जुळत नाही. मला मुदत वाढवता येणार नाही. जाऊन योग्य व्हिसावर परत येऊ द्या."

"किती दिवस?"

"एकवीस."

रघू तिथूनच लग्नाच्या नोंदणीला धावला. तिथे सांगितलं, परदेशी मुलगी आहे, तिच्या वकिलातीकडून अविवाहित असल्याचा दाखला आणा, मग नोटीस लागेल. नोटीस तीस दिवसांची.

तीस आणि एकवीस. मला चौथीपर्यंतचं गणित येतं. नऊ दिवस कमी पडले. आणि माझ्या खात्यावर दोन वर्षं पडून होती.

रघू मला ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून तो मला 'अहो' म्हटल्यासारखा बोलतो. वाढू का विचारलं तर "राहू द्या." माझा मुलगा, मला, राहू द्या.

डिसेंबरात पुन्हा तोच बसस्टँड, तेच धुकं. दिल्ली विमानतळाची बस. तिथून ती लुब्लिनला आईकडे जाणार. नव्वद दिवस तिथे बिनव्हिसा राहता येतं. पुढे काय, ते तिथला वकील बघणार. लढाईआधी निघालेली, तिसऱ्याच देशातून आलेली, वयाने मोठी म्हणून आईच्या कागदात न बसणारी. वकील म्हणाला, बघू. तो शब्द मी ओळखते. मी दोन वर्षं वापरला.

रघूने कुल्फी आणली. तिने हातात घेतली, खाल्ली नाही. ती वितळून बोटांवर आली, तरी तशीच धरून उभी.

"आज थंडी वाजतो," ती म्हणाली.

मी माझी शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली. तिने काढून टाकली नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही. मग खाली वाकून बॅगेमागून एक गाठोडं काढलं. माझ्याच जुन्या लुगड्याचं फडकं, मीच दिलेलं, पाटावर अंथरायला. आत काहीतरी गोल, जड. हातात घ्यायच्या आधीच मला कळलं काय आहे ते.

"हे रघूसाठी नाही," ती म्हणाली. स्पष्ट, एकेक शब्द. "रघूला मी कधीच देणार नाही. हे तुमचं, आई. दोन वर्षं रोज तुम्ही मला दिलं. मी परत करते."

करते, म्हणाली. पहिल्यांदा बाईसारखी बोलली.

मी गाठोडं छातीशी धरलं. आजूबाजूला बसचे लोक, कंडक्टर "दिल्ली, दिल्ली" ओरडत होता, सगळे बघत होते. ती म्हणालीच होती ना, सगळे बघतात.

रघू पायरीपाशी गेला.

"आज..." तो म्हणाला. "आज...?"

तिने ओली, चिकट बोटं त्याच्या गालावर ठेवली.

"आज नाही," ती म्हणाली. "येतो मी."

दोन पिवळे दिवे मागे फिरले आणि धुक्यात गेले. रघूच्या गालावर दुधाचा डाग वाळत गेला. त्याने पुसला नाही. मीही सांगितलं नाही.

भोपळा ओट्यावर आहे. चिरवत नाही. घट्ट सालीचा आहे, बराच टिकेल असं मनजीत म्हणते. ती हल्ली हळू बोलते.

मी फोन केला. हो, तो एक फोन. रघूला न विचारता, खालच्या मजल्यावरच्या मुलीकडून व्हिडिओवर नंबर लावून घेतला. हालिनाबाईंनी उचलला. पातळ केस, सोलोमियाचंच नाक. मी हात जोडले. त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि फोन टेबलावर पालथा घातला. अंधार. मला राग नाही आला. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. फोनवरून मागायची वेळ गेली, एवढंच कळलं.

नव्वदातले एकसष्ट दिवस गेले. काल मी पासपोर्टच्या ऑफिसात गेले. अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदा. पोलंडचा व्हिसा मिळेल का, कधी मिळेल, मिळाला तर ती बाई दार उघडेल का, मला ठाऊक नाही. मला तोच भोपळा परत मिळेल, पोलंडचा. मिळू दे. हातात घेऊन सगळ्यांदेखत परत येईन.

रघू बाहेर बाकावर बसला होता. बरोबर आला, एवढं केलं त्याने.

खिडकीतली मुलगी माझा कागद बघून म्हणाली, "माताजी, इस उमर में पहला पासपोर्ट! कहाँ जाना है?"

"पोलंड."

"घूमने?"

"नहीं," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच लागला, बाहेर बाकापर्यंत जाईल एवढा. "लड़की माँगने. हम लड़केवाले हैं. हमको ही जाना पड़ता है."